हिंगोलीचें शेत आणि परभणीचें विद्यापीठ

हिंगोली जिल्ह्याचें नांव अलीकडे जगाच्या विज्ञानवार्तांत येऊं लागलें आहे. औंढा नागनाथ तालुक्यांत दुधाळा गांवाच्या परिसरांत गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी वेधशाळा उभारण्याच्या योजनेस केंद्र सरकारनें २०२३ सालीं मान्यता दिली. काटकोनांत मांडलेल्या, प्रत्येकीं चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा आणि त्यांतून धांवणारा लेसरचा किरण, असें त्या यंत्राचें स्वरूप आहे. कोट्यवधि वर्षांपूर्वीं अवकाशांत कोठें तरी दोन कृष्णविवरें एकमेकांवर आदळलीं, त्या आघाताचा कंप पृथ्वीपर्यंत पोंचला कीं नाहीं, हें या यंत्रानें सांगावयाचें. या ज्ञानाचा व्यवहारांत उपयोग काय, असें येथें कोणी विचारीत नाहीं आणि विचारूंहि नये. कुतूहल हेंच त्या विज्ञानाचें प्रयोजन आहे.

त्याच औंढा तालुक्यांत गोळेगांव येथें दुसऱ्या एका विज्ञानाचें बिऱ्हाड आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठाचें एक महाविद्यालय तेथें चालतें. या विज्ञानाला उपयोगाचा प्रश्न रोज विचारला जातो, आणि विचारणारा परीक्षक मोठा कठोर असतो. त्याला शोधनिबंध वाचतां आला नाहीं तरी उभें पीक वाचतां येतें. आजच्या भाषणांत या दुसऱ्या विज्ञानाचा पसारा केवढा आहे, आणि त्यांतील कोणतेंहि काम एकदां झालें म्हणून मिटवून कां ठेवतां येत नाहीं, हें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

युरोपांत, विशेषत: जर्मनींत, उपयोजित शास्त्रांसाठीं वेगळीं विद्यापीठें आहेत. आपल्याकडे ती जागा मुख्यत: कृषिविद्यापीठांनीं भरून काढली आहे. त्यांचा आराखडा अमेरिकेंतून आला. तेथें १८६२ च्या कायद्यानें सरकारी जमिनी देऊन शेतकी व यंत्रविद्येचीं महाविद्यालयें काढण्यांत आलीं, आणि शिक्षण, संशोधन व विस्तार हीं तीन कामें एकाच छपराखालीं आणण्याची पद्धति पुढें रूढ झाली. भारतांत या धर्तीवरचें पहिलें विद्यापीठ १९६० सालीं पंतनगर येथें निघालें. मराठवाड्यासाठीं परभणीचें विद्यापीठ १८ मे १९७२ रोजीं स्थापन झालें. तें वर्ष महाराष्ट्राच्या आठवणींत दुष्काळाचें वर्ष म्हणून राहिलें आहे. तेव्हां हिंगोली हा निराळा जिल्हा नव्हता. परभणी जिल्ह्यांतून तो १ मे १९९९ रोजीं वेगळा झाला. २०१३ सालीं विद्यापीठाला वसंतराव नाईक यांचें नांव देण्यांत आलें.

विद्यापीठ म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें विषयांच्या याद्या येतात. वनस्पतिशास्त्र, कीटकशास्त्र, मृदाशास्त्र, अभियांत्रिकी, अन्नतंत्र, गृहविज्ञान अशी यादी परभणीचीहि देतां येईल. परंतु ती यादी वाचून संशोधनाचा विस्तार समजत नाहीं. त्यासाठीं हिंगोली जिल्ह्यांतील एखादें साधें कोरडवाहू शेत डोळ्यांपुढें आणावें. काळी भारी जमीन. पाऊस बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. सोयाबीनच्या कांहीं ओळी, मध्यें तुरीच्या ओळी. एका तुकड्यांत कापूस. विहिरीला पाणी असेल तेथें हळद. बांधाजवळ घरापुरती ज्वारी आणि भेंडी. या एका शेतांत उभें राहिलें तर विद्यापीठाचे बहुतेक सारे विभाग दारांत हजर होतात.

प्रथम पाण्याचा प्रश्न. काळ्या जमिनीची खोड अशी कीं, चार दिवस सतत पाऊस लागला तर तिच्यांत पाणी तुंबतें आणि पंधरा दिवस उघडीप झाली तर तिला भेगा पडतात. यावर उपाय म्हणून रुंद वरंबा आणि सरी ही पेरणीची पद्धति कोरडवाहू शेतीच्या संशोधनांतून पुढें आली. पीक उंच व रुंद वरंब्यावर येतें. अधिक झालेलें पाणी सरींतून निघून जातें, आणि पाऊस बेताचा असेल तेव्हां तीच सरी पाणी अडवून जमिनींत मुरवते. विहीर पुनर्भरणाची परभणीच्या कोरडवाहू केंद्राची रचनाहि अशीच साधी आहे. शेतांतून वाहून जाणारें पाणी आधीं एका खड्ड्यांत घ्यावयाचें, तेथें गाळ बसूं द्यावयाचा, नंतर दगड, खडी आणि वाळू यांच्या थरांतून तें गाळून नळीनें विहिरींत सोडावयाचें. यांत नवलाचें असें यंत्र कोणतेंहि नाहीं. थर किती जाडीचे असावेत, खड्डा केवढा असावा, गाळ केव्हां काढावा, हें मोजून ठरविण्यांत संशोधन आहे.

पाण्यानंतर बियाणें. आपल्या ताटांतील वरण ज्या तुरीपासून होतें तिला मराठवाड्यांत दोन रोगांनीं छळलें. एक मर रोग. त्याची बुरशी जमिनींत राहते आणि भरांत आलेलें झाड वाळून जातें. दुसरा वांझ रोग. त्याचा प्रसार डोळ्यांना न दिसणारे कोळी करतात. यांत झाड हिरवें राहतें, माजतें, परंतु त्याला फूल येत नाहीं. जालना जिल्ह्यांतील बदनापूरच्या संशोधन केंद्रानें या दोन्ही रोगांस तोंड देणारा बीएसएमआर-७३६ हा लाल तुरीचा वाण दिला. पुढें २०१२ च्या सुमारास त्याच केंद्रानें बीडीएन-७११ हा पांढऱ्या तुरीचा वाण दिला. त्याचा गुण निराळा आहे. तो सुमारें पांच महिन्यांत तयार होतो. पाऊस लवकर सरला, जमिनीची ओल आटूं लागली, तरी तोंवर त्याच्या शेंगा भरलेल्या असतात. पहिल्या वाणानें रोगाशीं झुंज दिली, दुसऱ्यानें दुष्काळाला चुकविलें. सोयाबीनमध्यें एमएयूएस-७१ आणि त्यानंतरचे वाण आले. त्यांपैकीं एमएयूएस-१६२ हा उभट वाढणारा असून यंत्रानें कापणी करण्यास सोयीचा आहे. गांवांत मजूर मिळेनासे झाले, तेव्हां झाडाची ठेवण हाहि संशोधनाचा विषय झाला.

ज्वारीचें उदाहरण शहरांतील घरांना अधिक जवळचें वाटेल. खरिपाची ज्वारी पक्व होते त्याच वेळीं परतीचा पाऊस गांठतो, दाण्यांवर बुरशी चढते आणि भाकरी काळपट होते. मग अशा ज्वारीला बाजारांत भाव मिळत नाहीं. या बुरशीला बऱ्यापैकीं दाद न देणारा परभणी श्वेता हा वाण विद्यापीठानें दिला. त्यानंतर २०१८ सालीं परभणी शक्ति हा वाण आला. हैदराबादजवळील पटानचेरूच्या आंतरराष्ट्रीय संस्थेबरोबर केलेलें हें काम आहे. या ज्वारींत लोह आणि जस्त हीं द्रव्यें नेहमींच्या ज्वारीपेक्षां अधिक आहेत. रक्तक्षयाचा प्रश्न आपण आजवर दवाखान्यांत सोडवीत आलों. त्याचा कांहीं भाग पेरणीच्या वेळींच सोडवितां येईल काय, असा हा प्रयत्न आहे.

हळदीकडे वळूं. वसमतच्या हळदीला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, आणि हिंगोली जिल्ह्याचें हें आतां नांवलौकिकाचें पीक आहे. हळदीचा मोठा शत्रु म्हणजे कंदकुज. जमिनींत पाणी सांचलें कीं रोगट बुरशी वाढते आणि वर पानें पिवळीं पडेपर्यंत खालीं कंद सडून गेलेला असतो. विद्यापीठानें उपकारक बुरशी आणि जिवाणु यांचें बायोमिक्स नांवाचें मिश्रण तयार केलें आहे. हे उपकारक जीव मुळांभोंवतीं आपली वस्ती करतात आणि रोगट बुरशीला जागा व अन्न मिळूं देत नाहींत. हळद व आलें लावणारे शेतकरी तें नेमानें नेतात. यांत विष घालून मारण्याचा भाग नाहीं. एका सूक्ष्म प्रजेकडून दुसरीला हुसकावून लावण्याची ही युक्ति आहे.

पीक हातीं आलें म्हणजे काम संपलें असें नाहीं. धान्याचें पीठ, डाळ, टिकाऊ पदार्थ कसे करावेत हें पाहण्यासाठीं अन्नतंत्र महाविद्यालय १९७६ पासून परभणीस आहे. बैलांच्या शक्तीचा अधिक चांगला उपयोग करणारीं अवजारें अभियांत्रिकी विभागांत घडतात. आणि एक विभाग असा आहे कीं, ज्याचें नांव संशोधनाच्या चर्चेंत क्वचितच निघतें. गृहविज्ञानाच्या शाखेनें शेतांत राबणाऱ्या स्त्रियांच्या कष्टांचें मोजमाप केलें. भेंडी तोडतांना तिच्या लवीनें हाताला खाज सुटते, कापूस वेचतांना बोंडांचीं टोंकें बोचतात, दिवसभर वांकून खुरपल्यानें कंबर धरते. हे त्रास पिढ्यानपिढ्या सोसण्याचेच मानले गेले होते. हातमोजे, वेचणीचे झोळे, सुधारलेलें खुरपें अशीं साधनें करून तीं बायकांच्या हातीं देऊन पाहणें, आणि श्रम किती हलके झाले तें मोजणें, हेंहि शास्त्रच होय.

येथवर पसारा पाहिला. आतां मुख्य मुद्यास यावयाचें. हें सारें काम एकदां करून फळीवर ठेवण्यासारखें असतें, तर विद्यापीठाला एवढ्या विभागांची गरज चाळीस वर्षांपूर्वींच संपली असती. तसें कां होत नाहीं, हें भेंडीच्या एका वाणाच्या चरित्रावरून चांगलें कळतें.

भेंडीवर केवडा नांवाचा विषाणुजन्य रोग पडतो. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, मग सारें पान आणि शेंगहि पिवळी पडते. पांढरी माशी हा विषाणु एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. दिल्लीच्या कृषिसंशोधन संस्थेनें दिलेली पुसा सावनी ही भेंडी एकेकाळीं या रोगास पुरून उरत असे. परंतु कालांतरानें तिचा तो गुण गेला. परभणीच्या विद्यापीठांत जांभळे आणि नेरकर या संशोधकांनीं भेंडीच्याच गणांतील एका निराळ्या जातीशीं तिचा संकर केला. दोन निराळ्या जातींचा संकर बहुधा वांझ किंवा अर्धवट वांझ निघतो, आणि चुकून बीं धरलेंच तर रोगप्रतिकाराबरोबर नको असलेले अवगुणहि येतात. म्हणून संकरित झाडाचा पुन:पुन्हां पुसा सावनीशींच संबंध घडवून, प्रत्येक पिढींत रोगमुक्त झाडें निवडीत निवडीत, भेंडी भेंडीसारखी राहील आणि प्रतिकार मात्र दुसऱ्या जातीचा येईल, असा वाण साधावा लागला. १९८५ च्या सुमारास तो परभणी क्रांति या नांवानें बाहेर पडला. भारतांत सर्वत्र तो पेरला गेला, आणि ज्यांनीं परभणी हें गांव नकाशावर कधीं पाहिलें नव्हतें अशा असंख्य घरांत तो शिजला.

आणि नंतर? नंतर विषाणूनें आपलें रूप पालटलें. अनेक भागांत परभणी क्रांतीचा प्रतिकार कमी झाला, तेव्हां नव्या वाणांचा शोध पुन्हां सुरू करावा लागला. यांत संशोधकांचा दोष नाहीं. एखादा वाण लाखो एकरांवर पसरतो, तेव्हां त्याच्यावर मात करील अशा विषाणूलाच जगण्याची संधि मिळते. वाणाचें यशच त्याच्या अंताचें बीज पेरतें. म्हणून शेतीच्या संशोधनांत विजयाचा अर्थ कांहीं वर्षांची सवड मिळाली, एवढाच घ्यावयाचा.

कापसाची कथा याहून अधिक विचार करावयास लावणारी आहे. नांदेडच्या केंद्रानें १९८० नंतरच्या दशकांत एनएचएच-४४ हा संकरित कापूस दिला. शेतकरी त्याला नांदेड-४४ म्हणत. रस शोषणाऱ्या किडींना तो सहज बळी पडत नसे, पाण्याचा ताण सोसत असे, आणि एकदां वेचणी झाल्यावर पुन्हां फुटत असे. कोरडवाहू शेतकऱ्याचा तो आधार होता. २००२ सालीं भारतांत बीटी कापसाला परवानगी मिळाली. एका जिवाणूचा जनुक झाडांत घातल्यामुळें बोंडअळीला विष ठरणारें द्रव्य झाडांतच तयार होऊं लागलें, आणि खाजगी कंपन्यांचे बीटी वाण झपाट्यानें पसरले. नांदेड-४४ मध्यें तो जनुक नव्हता. बाकीचे सारे गुण असूनहि तो मागें पडला. पुढें महाबीजच्या सहकार्यानें त्याचेंहि बीटी रूप तयार करण्यांत आलें. परंतु तोंवर पुष्कळ हंगाम निघून गेले होते. दरम्यान गुलाबी बोंडअळी बीटीला सरावली, आणि २०१७ सालीं महाराष्ट्रांतील कापूसवाल्यांना तिचा मोठा तडाखा बसला. भेंडीच्या विषाणूनें जें केलें तेंच येथें अळीनें केलें.

या दोन कथांवरून सार्वजनिक संशोधनाचा विस्तार राखून ठेवण्याचें महत्त्व ध्यानांत येतें. परभणीच्या महबूब बागेंतील कापूस केंद्रानें गावरान कापसाचें काम कधीं सोडलें नाहीं. गावरान कापूस हा मूळचा या मातींतला. किडींना काटक, दुष्काळाला चिवट, परंतु आंखूड धाग्याचा, म्हणून गिरण्यांना नकोसा. पीए-२५५, पीए-४०२ अशा वाणांत त्याचा धागा लांब करण्यांत यश आलें आहे. हे सरळ वाण आहेत, संकरित नव्हेत. अर्थात् त्यांचें बियाणें शेतकऱ्याला घरचें राखतां येतें. दर हंगामाला नवें पाकीट विकत घ्यावें लागत नाहीं. बीटीच्या भरभराटीच्या काळांत हें काम कोणालाहि निरर्थक वाटलें असतें. खाजगी कंपनीनें तें केलें नसतें, कारण जें बियाणें एकदांच विकलें जातें त्यांत तिला लाभ नाहीं. विद्यापीठानें तें चालू ठेवलें, म्हणून आज शेतकऱ्याला निवडीस निदान दुसरा पर्याय उरला आहे.

आतां प्रयोगक्षेत्रावरील वाण शेतकऱ्याच्या पिशवींत कसा जातो हें सांगितलें पाहिजे; कारण विस्ताराची खरी कसोटी तेथें लागते. संकर, पिढ्यांची निवड, केंद्रावरील चांचणी, मग निरनिराळ्या जिल्ह्यांतील चांचण्या, असा प्रवास करून वाण चारहि कृषिविद्यापीठांच्या संयुक्त बैठकीपुढें येतो. यांत दहा वर्षें सहज जातात. त्यानंतर बीजोत्पादन. प्रथम पैदासकार बियाणें, त्याची खूणचिठ्ठी पिवळी. त्यापासून पायाभूत, त्याची पांढरी. आणि त्यापासून प्रमाणित, त्याची निळी. शेतकरी घेतो तें निळ्या चिठ्ठीचें. या पायऱ्यांचा वेग पिकागणिक निराळा असतो. उदाहरणार्थ, सोयाबीनचें हेक्टरीं ७० किलो बीं पेरून २० क्विंटल पीक आलें असें धरलें, तर एका वर्षांत बियाणें अठ्ठावीसपट होतें. तुरीचें हेक्टरीं १२ किलो बीं पेरून १२ क्विंटल आलें, तर तें शंभरपट होतें. म्हणून तुरीचा नवा वाण दोन-तीन हंगामांत गांवोगांव पोंचूं शकतो आणि सोयाबीनचा मात्र रखडतो. उत्तम वाण शोधला आणि बियाण्याचा पुरवठा पुरला नाहीं, तर तें संशोधन शेतकऱ्यापुरतें झालेंच नाहीं असें म्हणावें लागतें.

दरवर्षीं १८ मे रोजीं, म्हणजे विद्यापीठाच्या वर्धापनदिनीं, परभणीस खरीप शेतकरी मेळावा भरतो, आणि १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिदिनीं रब्बीचा. दूरदूरचे शेतकरी पहांटेपासून बियाण्याच्या रांगेंत उभे असतात. त्यांत हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगांव आणि औंढा या तालुक्यांतील माणसें असावयाचींच. एखाद्या विद्यापीठानें किती शोधनिबंध छापले याच्या याद्या आतां जगभर निघतात, आणि त्या अगदींच व्यर्थ आहेत असें नाहीं. परंतु उपयोजित शास्त्राच्या विद्यापीठाला त्या रांगेनेंच मोजलें पाहिजे: रांगेंतील किती जणांना हवें तें बियाणें मिळालें, पुढच्या वर्षीं त्यांतले किती जण पुन्हां आले, आणि आले ते त्याच वाणासाठीं आले कीं त्याच्या जागीं येणाऱ्या नव्या वाणासाठीं.

शहरांतील आपण या रांगेंत कधीं उभे राहत नाहीं. तरीहि सकाळच्या भाकरींत, दुपारच्या वरणांत, भेंडीच्या भाजींत आणि तीवरील हळदींत या संशोधनाचा अंश आपल्या पोटांत रोज जातच असतो. तेव्हां कृषिविद्यापीठाच्या खर्चाचा प्रश्न वृत्तपत्रांत निघेल, त्या वेळीं हा आपला विषय नव्हे असें म्हणून पान उलटूं नये. दुधाळ्याची वेधशाळा पुरी झाल्यावर ती दूरच्या विश्वाची वार्ता आपल्याला सांगेल, आणि ती आपण आनंदानें ऐकूं. तोंवर गोळेगांव आणि परभणी येथील प्रयोगक्षेत्रांवर पुढच्या खरिपाची पेरणी झालेली असेल, आणि कोणत्या ओळींत पान पिवळें पडलें हें कोणी तरी वहींत टिपून ठेवीत असेल.